विष्णुपंत छत्रे

विष्णुपंत छत्रे यांना तरुणपणी घोड्यांचे विलक्षण वेड होते. ग्वाल्हेरीस राहून त्यांनी अश्वविद्या संपादन केली व पुढे ते कुरुंदवाडच्या संस्थानिकांचे चाबुकस्वार झाले. 1879 साली चिआरिनी यांची इटालियन सर्कस मुंबईस आली. तिचे खेळ पाहून, अशी सर्कस आपल्या देशातही निघाली पाहिजे, असा ध्यास विष्णुपंतांनी घेतला आणि 1880 मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभारली.

परंतु घोड्यावरील कसरत एकट्याच्या बळावर साधते. उंच झुल्यावर मात्र एकाचा प्राण दुसऱ्याच्या मनगटात असतो. असे कसबी एका दिवसात घडत नाहीत. सर्कस घेऊन फिरत असता केरळातील तलश्शेरी येथे विष्णुपंतांची कीलेरी कुंञिकण्णन या व्यायामशिक्षकांशी गाठ पडली. कसरतपटू तयार करण्याची गळ त्यांनी कुंञिकण्णन यांना घातली. त्यातूनच पुढे, 1901 साली, चिरक्करा येथे सर्कशीची शाळा निघाली.

झुल्याचे शिक्षण जमिनीवरच सुरू होते. आधी कोलांटी, मग तोल, मग पकड. जाळ्यात नीट पडणेही शिकावे लागते. धाडसाचे मूळ अशा धीम्या अभ्यासात असते, हे विष्णुपंतांनी वेळीच ओळखले. त्यामुळेच भारतीय सर्कशीला पिढ्यान्‌पिढ्या कलावंत लाभले.