तीन दिवस उशिरा पोचलेला माणूस

मॅटरहॉर्न (4478 मीटर) आपल्यातल्या ट्रेकवाल्यांना फोटोतून तरी नक्कीच माहीत असतो. त्यावर पहिल्यांदा चढला तो इंग्रज एडवर्ड व्हिंपर, हेही बऱ्याच जणांना ठाऊक असतं. मला मात्र त्याच्यापेक्षा तीन दिवस उशिरा पोचलेला जाँ-आंत्वान करेल जास्त भावतो.

करेलचा जन्म 1829 चा, आल्प्समधल्या आओस्ता खोऱ्यातला. स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेल्या या इटालियन भागात फ्रेंचही चालते. त्यामुळे इथे या डोंगराला सेर्व्हँ आणि चेर्विनो अशी दोन नावं. पलीकडे झेरमाटला जर्मन, म्हणून तिथे तो मॅटरहॉर्न. करेल आधी इटलीच्या लढायांत सैनिक होता, मग वाटाड्या झाला. आपला डोंगर आपल्याच बाजूने सर व्हावा, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

व्हिंपरबरोबर त्याने बरेच प्रयत्न केले. पण 1865 मध्ये त्याने फेलिचे जोर्दानो या इटालियन इंजिनीयरच्या मोहिमेला शब्द दिला. व्हिंपर चिडून झेरमाटला गेला आणि 14 जुलैला स्विस बाजूने शिखरावर पोचला. खाली धारेवर करेलची तुकडी होती. वरच्यांनी आरडाओरडा केला, दगड लोटले. आपण हरलो हे करेलला कळलं आणि तो मागे फिरला. त्याच दिवशी उतरताना व्हिंपरच्या तुकडीतल्या सातांपैकी चौघे कोसळले. दोघांमधला दोर कच्चा होता, तो तुटला.

दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. करेल पुन्हा निघाला आणि 17 जुलैला, ज्याँ-बातिस्त बिकसोबत, जास्त अवघड इटालियन वाटेनेच माथ्यावर पोचला. पुढे व्हिंपरशी त्याचं जुळलंही. 1880 मध्ये दोघांनी इक्वेडोरचं चिंबोराझो (6263 मीटर) पहिल्यांदा सर केलं.

ऑगस्ट 1890 मध्ये लिओने सिनिगालिया या तरुण संगीतकाराला घेऊन तो पुन्हा याच डोंगरावर गेला. वादळाने त्यांना झोपडीत अडकवून ठेवलं. एकसष्टीचा करेल पुढे होऊन वाट काढत सगळ्यांना खाली घेऊन आला. धोका संपला तेव्हाच तो कोसळला आणि तिथेच गेला.

रँक, पर्सेंटेज, प्लेसमेंट, आपण कितवे आलो हे आपण होस्टेलवर रोज मोजतो. करेल तर दुसराच आला होता. पण आपल्या दोराला बांधलेली माणसं सुखरूप उतरली की नाही, हे त्याने शेवटपर्यंत बघितलं. मला वाटतं, तेही मोजायला हवं.