लघुलिपिकार सर आयझॅक पिटमन

सभेंत वक्ता बोलूं लागला म्हणजे एका मिनिटांत शंभर-सव्वाशें शब्द सहज उच्चारून जातो. परंतु भरभर लिहिणाऱ्या मनुष्यालाही तेवढ्या वेळांत पंचवीस-तीस शब्दांहून फारसे अधिक कागदावर उतरवितां येत नाहींत. वाणी व लेखणी यांच्यांतील हें अंतर तोडण्याचा प्रयत्न आजपर्यंत पुष्कळांनीं केला. त्यांत ज्यांना मोठें यश आलें, ते आयझॅक पिटमन हे एक साधे शाळामास्तर होते. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांतून कित्येक मराठी तरुणांनीं ज्या विद्येच्या बळावर आपला संसार चालविला, त्या विद्येच्या या जनकाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनींही मनन करण्यासारखें आहे.

इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत ट्रोब्रिज या गांवीं ता. ४ जानेवारी १८१३ रोजीं पिटमन यांचा जन्म झाला. वडील कापडाच्या गिरणींत देखरेखीचें काम करीत. घरांत अकरा भावंडें होतीं. शाळेची खोली इतकी कोंदट असे कीं, आयझॅकला तेथें वरचेवर घेरी येई. अखेर तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली व तो गिरणीच्या कचेरींत कारकुनी करूं लागला. परंतु शाळा सुटली म्हणून शिक्षण सुटलें नाहीं. कामापूर्वीं व कामानंतर तो ग्रंथ वाचीत बसे. मात्र ह्या एकलव्यी अभ्यासांत एक अडचण होती. कित्येक शब्द त्यानें केवळ डोळ्यांनीं वाचलेले, कानांनीं कधीं ऐकलेले नव्हते. त्यामुळें त्यांचे उच्चार चुकत. ही उणीव भरून काढण्यासाठीं त्यानें वॉकरचा उच्चारकोश पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अभ्यासिला. लिहावें एक आणि वाचावें दुसरेंच, ही इंग्रजी भाषेची खोड त्याच्या मनांत तेव्हांपासून सलूं लागली. पुढील साऱ्या कार्याचें बीज येथेंच रुजलें.

१८३१ सालीं लंडनमध्यें शिक्षकाचें शिक्षण घेऊन पिटमन यांनीं १८३२ मध्यें बार्टन-अपॉन-हंबर येथील शाळेचें काम पत्करिलें, व १८३६ मध्यें ते वॉटन-अंडर-एज या गांवीं आले. येथेंच त्यांच्या सत्त्वपरीक्षेचा प्रसंग आला. स्वीडनबोर्ग या तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर गाढ परिणाम होऊन त्यांनीं त्याचा पंथ स्वीकारिला. शाळेच्या चालकांस हें मानवलें नाहीं, व १८३७ मध्यें पिटमन यांची नोकरी गेली. दोन वर्षांपूर्वींच विवाह झालेला; घरखर्च चालणार कसा हा प्रश्न उभा. मत सोडावें तर भाकर मिळे. परंतु त्यांनीं मत सोडलें नाहीं आणि गांवही सोडलें नाहीं. त्याच गांवांत त्यांनीं स्वतःची शाळा काढली.

तरुणपणीं त्यांनीं टेलर यांची लघुलिपि आत्मसात केली होती व ती ते विद्यार्थ्यांस शिकवीत. तिचें एक स्वस्त पुस्तक काढावें या हेतूनें त्यांनीं हस्तलिखित लंडनच्या बॅग्स्टर या प्रकाशकांकडे धाडलें. जुन्या पद्धतीची पुस्तकें बाजारांत पुष्कळ आहेत, स्वतःची नवी पद्धति तयार करा, असा सल्ला तेथून मिळाला. दुसरा कोणी खट्टू होऊन बसला असता. पिटमन कामाला लागले. १८३७ च्या नोव्हेंबरांत चार पेन्स किमतीचें एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांतील तत्त्व असें कीं, अक्षर लिहावयाचें नाहीं, ध्वनि लिहावयाचा.

आपल्या वर्णमालेशीं परिचित असलेल्या विद्यार्थ्यास हें तत्त्व चटकन् उमजेल. क आणि ग, ट आणि ड, प आणि ब ह्या जोड्या मुखांतील एकाच स्थानीं उत्पन्न होतात, म्हणून आपल्या प्राचीन वैयाकरणांनीं त्यांना एकेका वर्गांत बसविलें. पिटमन यांनीं अशा प्रत्येक जोडीला एकच रेघ दिली. प बारीक, तर ब ठळक, दोन्ही तिरप्या. ट व ड यांची रेघ उभी, क व ग यांची आडवी. स्वरांसाठीं रेघेशेजारीं ठिपका किंवा चिमुकली रेघ. सराव झाल्यावर तीही बहुधा गाळतां येते.

१८३९ मध्यें ते बाथ शहरीं राहावयास गेले. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत एका पेनीच्या टपालाची सोय झाली. त्यापूर्वीं पत्र पाठविणें गरिबांस परवडत नसे. ही संधि पिटमन यांनीं तत्काळ साधली. आपल्या पद्धतीचें सार त्यांनीं एका पेनीच्या तक्त्यावर छापलें. विद्यार्थी अभ्यास टपालानें पाठवीत व तो विनामूल्य तपासून परत येई. एका गांवच्या शाळेंतून ज्यांना काढलें, त्यांचा वर्ग अशा रीतीनें देशभर भरूं लागला. त्यांच्या भावांनींही गांवोगांव व्याख्यानें दिलीं. त्यांपैकीं बेन अमेरिकेस गेला. अध्यक्ष लिंकन यांच्या खुनाच्या कटाचा जो खटला १८६५ मध्यें चालला, त्याचें कामकाज टिपून घेण्यांत त्याचा प्रमुख भाग होता.

पिटमन यांची सर्वच स्वप्नें फळास आलीं असें नाहीं. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणें लिहिले जावेत म्हणून त्यांनीं अर्धशतक खटपट केली, द्रव्य वेंचलें, मासिक चालविलें. तरी तो सुधार लोकांनीं स्वीकारिला नाहीं. पण त्यांनीं हात टेकले नाहींत. शाकाहार, निर्व्यसनीपणा आणि सकाळीं सहाच्या ठोक्याला कामास बसणें, हे त्यांचे नियम उतारवयांतही ढळले नाहींत. १८९४ मध्यें व्हिक्टोरिया राणीनें त्यांना सर ही पदवी दिली, व ता. २२ जानेवारी १८९७ रोजीं बाथ येथें त्यांचें देहावसान झालें.

आज ध्वनिमुद्रणाच्या यंत्रांमुळें लघुलिपीचें महत्त्व पूर्वीइतकें उरलें नाहीं. परंतु जवळजवळ शंभर वर्षें अनेक गरीब घरांतील मुलामुलींना तिनें कचेरीचें दार उघडून दिलें, हें विसरतां येणार नाहीं. पिटमन यांची नोकरी हिरावली गेली, शिक्षकपण मात्र कोणालाही हिरावून घेतां आलें नाहीं. आपल्या उच्चारांतील चुका झांकून न ठेवितां जो मुलगा कोश उघडून बसला, त्याच्याच हातून ही विद्या जगाला मिळाली. आपल्या उणिवेकडे आपण कोणत्या दृष्टीनें पाहतों, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतःस एकवार अवश्य विचारावा.