विश्लेषण : तिजोरीची किल्ली आमदारांकडे कशी आली? कोल्हापूरच्या अण्णासाहेब लठ्ठेंची कारकीर्द काय सांगते?

दरवर्षी मार्चच्या सुमारास राज्याचा अर्थसंकल्प विधानसभेत मांडला जातो. कोणत्या जिल्ह्याला काय मिळाले, कोणती योजना आली, याची चर्चा दोन-चार दिवस होते. पण बहुमतातल्या सरकारलाही आपल्याच तिजोरीतून पैसे काढण्यासाठी आमदारांची मंजुरी का घ्यावी लागते? या नियमामागचा इतिहास कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडमध्ये जन्मलेल्या एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेता येतो. अण्णासाहेब लठ्ठे कायदेमंडळाचे सदस्य होते, कोल्हापूर संस्थानचे दिवाण होते आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्रीही होते. राजदरबार आणि सभागृह या दोन्ही ठिकाणांहून त्यांनी कारभार पाहिला.

अण्णासाहेब लठ्ठे कोण होते?

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म १८७८ चा. कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचे छोटे संस्थान होते. आज ते शिरोळ तालुक्यात येते. जैन शेतकरी समाजात शिक्षण फार थोडे होते, त्या काळात लठ्ठे एम. ए., एलएल. बी. झाले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. मुलांसाठी वसतिगृहे काढणे आणि समाजात शिक्षण पसरवणे हे सभेचे मुख्य काम.

कोल्हापुरात त्यांनी राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवले आणि नंतर संस्थानच्या शिक्षण खात्यात अधिकारी म्हणून काम केले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, सत्यशोधक चळवळ यांनी भारलेले ते कोल्हापूर होते. लठ्ठे महाराजांच्या या कार्यातले सहकारी होते.

कोल्हापूर का सोडावे लागले?

१९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्यांना डांबर फासल्याचे प्रकरण घडले. संशयाचा रोख लठ्ठेंकडे वळला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून तरुण भाऊराव पाटलांवर दबाव आणला गेला. पुढे रयत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला आणि त्यासाठी तुरुंग व छळ सोसला. लठ्ठे संस्थान सोडून बेळगावला गेले आणि वकिली करू लागले.

शाहू महाराजांसारखा प्रजाहितदक्ष राजा असतानाही संस्थानात एक गोष्ट नव्हती. मर्जी फिरली किंवा पोलिसांनी चुकीचा तपास केला, तर जाब विचारण्यासाठी निवडून आलेले सभागृह नव्हते. चांगला कारभारही राजाच्या चांगुलपणावरच अवलंबून होता. लठ्ठेंनी मात्र हा राग धरून ठेवला नाही. महाराजांच्या निधनानंतर १९२४ मध्ये त्यांनीच महाराजांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

सभागृह होते, पण अधिकार होता का?

१९१९ च्या कायद्याने प्रांतांत आणि दिल्लीत मोठी कायदेमंडळे आली. मुंबई कौन्सिलमध्ये मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. ब्राह्मणेतर समाजाला प्रतिनिधित्व मिळावे यासाठी झालेल्या खटपटीत लठ्ठे आघाडीवर होते. १९२० च्या निवडणुकीनंतर ते केंद्रीय कायदेमंडळात गेले.

या सभागृहाच्या मर्यादा १९२३ मध्ये उघड झाल्या. सरकारने मिठावरील कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये, म्हणजे दुप्पट करण्याचा प्रस्ताव आणला. कायदेमंडळाने तो फेटाळला. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपला खास अधिकार वापरून तो लागू केला. सदस्य भाषण करू शकत होते, मतही देऊ शकत होते. पण शेवटचा शब्द ज्याचा होता, तो कोणाच्याही मतांवर निवडून आलेला नव्हता.

दिवाणपदाचा अनुभव काय होता?

१९२६ मध्ये लठ्ठे पुन्हा कोल्हापुरात आले, ते राजाराम महाराजांचे दिवाण म्हणून. ज्या संस्थानातून त्यांना जावे लागले होते, त्याच संस्थानचा कारभार आता त्यांच्या हाती होता. पुढची काही वर्षे त्यांनी तो सांभाळला.

दिवाणाकडे अधिकार मोठा असे. वसुली, नेमणुका, खर्च यांचे निर्णय दरबारात होत. दिवाण जबाबदार असे तो महाराजांना, आणि महाराजांवर नजर असे ब्रिटिश रेसिडेंटची. शेतसारा भरणारा करवीर किंवा पन्हाळ्याचा शेतकरी या साखळीत कुठेच नव्हता. दिल्लीत लठ्ठेंनी तिजोरी हाती नसलेले सभागृह पाहिले होते, तर कोल्हापुरात सभागृह नसलेली तिजोरी.

१९३७ मध्ये नेमके काय बदलले?

१९३५ च्या कायद्याने प्रांतांचा कारभार निवडून आलेल्या मंत्र्यांकडे आला. मुंबई प्रांतात दोन सभागृहे झाली : १७५ जागांची विधानसभा आणि तिच्यापेक्षा बरीच लहान विधान परिषद. मत मात्र सर्वांना नव्हते. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींमुळे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुमारे १४ टक्के लोकांनाच मताधिकार होता. कोल्हापूर संस्थानच्या प्रजेचा तर या निवडणुकीशी संबंधच नव्हता. लठ्ठे काँग्रेसतर्फे बेळगाव जिल्ह्यातून निवडून आले.

काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण राज्यपालांच्या खास अधिकारांबाबत आश्वासन मिळेपर्यंत तिने सत्ता घेतली नाही. एप्रिलमध्ये धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ आले. बहुमत नसल्याने ते विधानसभेसमोर उभे राहू शकत नव्हते. जुलैमध्ये ते गेले. सरकार नेमतात राज्यपाल, पण ते टिकते सभागृहाच्या विश्वासावर, हा धडा त्या चार महिन्यांत मिळाला. १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. कन्हैयालाल मुन्शी आणि मोरारजी देसाई यांच्यासह सात जणांच्या या मंत्रिमंडळात लठ्ठे अर्थमंत्री झाले. गणेश वासुदेव मावळंकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. पुढे तेच लोकसभेचे पहिले अध्यक्ष.

अर्थमंत्र्याची खरी कसोटी कोणती होती?

काँग्रेसने दारूबंदीचे वचन दिले होते. दारूवरील अबकारी कर हे प्रांताच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू करायची, तर बुडणारे उत्पन्न भरून काढणे भाग होते. लठ्ठेंच्या खात्याने नवे कर आणले. त्यांतला सर्वांत वादग्रस्त होता शहरी स्थावर मालमत्तेवरील कर, घराच्या वार्षिक भाडेमूल्याच्या १० टक्के.

आता अर्थमंत्र्याला दरबारी हुकूम काढून भागणार नव्हते. कराचे विधेयक सभागृहात मांडायचे, एकेका कलमावर चर्चा ऐकायची, मग मतदान. समोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आधीच्या हंगामी मंत्रिमंडळातले जमनादास मेहता यांच्यासारखे अभ्यासू विरोधक बसत. आंबेडकरांनी अर्थसंकल्पांवर कठोर टीका केली. शिक्षणासारख्या गरजा पुढ्यात असताना दारूबंदीला एवढे प्राधान्य का, असा त्यांचा आक्षेप होता. मुंबईतले घरमालकही संतापले. सर बैरामजी जीजीभॉय यांनी या कराला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. हा कर म्हणजे खरे तर प्राप्तिकर आहे आणि प्राप्तिकर लावण्याचा अधिकार केंद्राचा आहे, असा दावा होता. न्यायालयाने तो फेटाळला. जमीन व इमारतींवर कर लावणे प्रांताच्या अधिकारात येते, असा निर्णय १९३९ मध्येच झाला.

दिवाण असताना लठ्ठेंना यातले काहीच करावे लागले नव्हते. अर्थमंत्री म्हणून विरोधकांना उत्तर द्यावे लागले, न्यायालयात कायद्याचे समर्थन करावे लागले आणि मतदारांचा रोषही पत्करावा लागला. काम संथ झाले. पण कर का लावला, हे ज्याच्यावर लावला त्याला सांगणे सक्तीचे झाले.

हे सरकार का गेले?

सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयनी कायदेमंडळांना न विचारता हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईचा कारभार राज्यपालांच्या हाती गेला, तो १९४६ पर्यंत. निवडून आलेले सभागृह बाजूला पडले.

याच १९३९ मध्ये जयसिंगपूर येथे कोल्हापूर संस्थान प्रजा परिषदेची स्थापना झाली. माधवराव बागल आणि रत्नाप्पा कुंभार यांच्यासारखे नेते संस्थानातही जबाबदार राज्यपद्धती मागू लागले. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी लागू झाली. त्याच वर्षी लठ्ठेंचे निधन झाले. सर्व प्रौढांच्या मताधिकारावर झालेली पहिली निवडणूक त्यांना पाहता आली नाही.

आज विधिमंडळ कसे चालते?

महाराष्ट्र विधानसभेत २८८ आमदार थेट लोकांतून निवडले जातात. बहुमतासाठी १४५ लागतात. कोल्हापूर जिल्ह्यात दहा मतदारसंघ आहेत आणि लठ्ठेंचे कुरुंदवाड शिरोळमध्ये येते. विधान परिषदेत ७८ सदस्य असतात : ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, प्रत्येकी सात पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून, तर १२ राज्यपालनियुक्त. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर ठेवता येत नाही. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर, म्हणजे ४३ वर जाऊ शकत नाही.

पैशाबाबत विधानसभेचा शब्द अंतिम आहे. आधी अर्थसंकल्पावर सर्वसाधारण चर्चा होते, मग खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर मतदान आणि शेवटी विनियोजन विधेयक. ते मंजूर झाल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वेतनासारख्या काही खर्चांवर मतदान होत नाही, चर्चा होऊ शकते. धन विधेयक फक्त विधानसभेतच मांडता येते. विधान परिषद ते १४ दिवस ठेवू शकते, शिफारशी करू शकते. पण त्या मानायच्या की नाही, हे विधानसभा ठरवते. यातले बरेच नियम थोड्याफार फरकाने १९३५ च्या कायद्यातही होते.

मोठा फरक दोन ठिकाणी आहे. आज मत प्रत्येक प्रौढाला आहे. आणि राष्ट्रपती राजवट आली, जशी महाराष्ट्रात १९८०, २०१४ व २०१९ मध्ये आली, तर राज्याच्या खर्चाला मंजुरी देण्याचे काम राज्यपालांकडे न जाता संसदेकडे जाते.

मग नागरिकांनी कशाकडे पाहावे?

अर्थसंकल्पाच्या भाषणानंतर बातम्या ओसरतात, पण आमदारांचे खरे काम तेव्हाच सुरू होते. पाटबंधारे, आरोग्य, शिक्षण या खात्यांच्या मागण्यांवर आपल्या आमदाराने काय विचारले, किती मागण्या चर्चेविनाच मंजूर झाल्या, वर्षभरात पुरवणी मागण्या किती आल्या, हे पाहता येते. विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद ठेवली जाते आणि ती लोकांसाठी खुली असते. मिठाचा कर सभागृहाचा नकार डावलून लादला गेला, त्याला शंभर वर्षे झाली. आज सभागृहाचा नकार कोणी डावलू शकत नाही. मात्र त्यासाठी आमदाराने सभागृहात हजर राहून प्रश्न विचारायला हवा.