चिंतामणराव देशमुख : दूरची युद्धे आणि घरचा भात

(द्वितीय वर्ष, कला)

रायगड जिल्ह्याचे नाव काढले की प्रथम शिवछत्रपतींची राजधानी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच किल्ल्याच्या वाटेवर महाड तालुक्यातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी जन्मलेल्या एका मुलाने पुढे साऱ्या देशाचा जमाखर्च सांभाळला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? ते म्हणजे चिंतामण द्वारकानाथ देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि मुंबईसाठी मंत्रिपदावर पाणी सोडणारे अर्थमंत्री, अशी त्यांची ओळख सर्वत्र सांगितली जाते. या लेखात मला त्यांच्या आयुष्याची थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. हजारो मैलांवर लढल्या गेलेल्या दोन युद्धांनी आपल्या देशाच्या ताटातील भात कसा हिरावला आणि त्याचा हिशेब या भातपिकाच्या मुलखातील माणसाला कसा मांडावा लागला, ती ही बाजू.

चिंतामणरावांचे वडील रोह्यास वकिली करीत. रोहा आणि तळा येथे प्राथमिक शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्र नव्हे, तर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक मिळवले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांचा पहिला क्रमांक आला. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे मध्यप्रांत व वऱ्हाडात जमाबंदीपासून अर्थखात्याच्या सचिवपदापर्यंतची कामे करण्यात गेली. जमाबंदी म्हणजे शेत, पीक आणि शेतसारा यांचा ताळा. शेतकऱ्याच्या खळ्यापासून सरकारच्या तिजोरीपर्यंतचा रस्ता त्यांनी असा पायाखाली घातला होता.

त्यांच्या जीवनातील एक योगायोग मला फार विलक्षण वाटतो. जुलै १९३९ मध्ये त्यांची रिझर्व्ह बँकेत नेमणूक झाली आणि दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध पेटले. डिसेंबर १९४१ मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि त्याच महिन्यात जपान युद्धात उतरला. १ जून १९५० रोजी त्यांनी अर्थमंत्रिपद स्वीकारले आणि २५ जूनला कोरियाचे युद्ध सुरू झाले. जणू युद्ध त्यांचा माग काढीत होते!

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले. त्यापूर्वी ब्रह्मदेशातून दरवर्षी सुमारे १५ लाख टन तांदूळ हिंदुस्थानात येत असे. बंगाल, मलबार आणि आपली कोकणपट्टी यांसारख्या तुटीच्या प्रदेशांना त्याचा मोठा आधार होता. तो एकाएकी तुटला. कोकणात पाऊस मुबलक असला तरी भातशेतीचे तुकडे लहान आणि खाणारी तोंडे फार; वर्षाचे बारा महिने घरचा तांदूळ पुरत नाही, हे येथील कुळांना सांगावे लागत नाही.

तांदूळ कमी झाला तसे बाजारातील पैसे मात्र वाढत गेले. असे का झाले? ब्रिटिश सरकार युद्धासाठी लागणारे कापड, धान्य, ताग, पोलाद येथे विकत घेई. पण त्याची किंमत लंडनमध्ये पौंडांत जमा होई. त्या पौंडांच्या तारणावर रिझर्व्ह बँकेला येथे रुपयाच्या नोटा छापाव्या लागत. युद्धापूर्वी सुमारे १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनात होत्या. युद्ध संपेपर्यंत त्या १२०० कोटींच्या पुढे गेल्या. माल सैन्याकडे गेला, नोटा लोकांच्या हाती आल्या आणि भाव कडाडले. ज्याच्याजवळ साठा होता त्याचे फावले. ज्याला रोजच्या मजुरीवर शेर-अदशेर तांदूळ घ्यायचा होता, तो मात्र मेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाने सुमारे १५ लाख माणसे दगावली. पुढील अभ्यासकांनी हा आकडा ३० लाखांपर्यंत नेला आहे. तेथे ना युद्धाची आघाडी होती, ना शत्रूचे सैन्य उतरले होते.

याच वर्षी, ऑगस्ट १९४३ मध्ये, चिंतामणराव गव्हर्नर झाले. येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या बँकेच्या नोटांनी भाव चढले, तिच्या प्रमुखाकडे या अनर्थाची काहीच जबाबदारी येत नाही काय? माझ्या मते उत्तर असे, की नोटा छापण्याचा निर्णय बँकेचा नव्हताच. तो साम्राज्य सरकारचा होता आणि कायद्याने बँकेचे हात बांधलेले होते. तरीही त्या पदावर बसून हे पाहणे किती जड गेले असेल, याची कल्पना करता येते. चिंतामणरावांना जे शक्य होते ते त्यांनी केले. हिंदुस्थानच्या उपासमारीतून लंडनमध्ये साठलेली पौंडांची शिल्लक बुडू नये, यासाठी ते झटले. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वुड्स परिषदेत त्यांनी आणि ए. डी. श्रॉफ यांनी हा प्रश्न नेटाने मांडला. परिषदेने तो हाती घेतला नाही. पण नाणेनिधीत हिंदुस्थानला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला. १९४६ साली ही पौंडांची शिल्लक सुमारे १७०० कोटी रुपये होती. स्वातंत्र्यानंतर बाहेरून धान्य आणताना तीच गंगाजळी उपयोगी पडली.

सरकारचे शेतीकडे लक्ष वळले तेही याच धक्क्याने. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम सुरू झाली, १९४३ साली मुंबईत रेशनिंग आले. या टंचाईच्या वर्षांतच, १९४८ साली, मुंबई सरकारने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला. धरमतर आणि रेवदंड्याच्या खाड्यांकाठी बांध घालून भात पिकवणाऱ्या आपल्या गावांशी त्याचा थेट संबंध आहे. बांध फुटला की खारे पाणी शिरते आणि पुढची काही वर्षे शेत नापीक होते, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असते.

दुसरी कसोटी अर्थमंत्रिपदाची. कोरियाचे युद्ध सुरू होताच जगभर कच्च्या मालाचे आणि जहाजवाहतुकीचे दर भडकले. पोत्यांना मागणी आली आणि तागाला सोन्याचा भाव आला. फाळणीमुळे तागाची बहुतेक जमीन पाकिस्तानात गेली होती. म्हणून आपल्याकडे भाताच्या शेतांत ताग लावण्यास उत्तेजन दिले जात होते. युद्धाच्या भावाने त्या ओढीत भर घातली. त्यातच बिहारसारख्या भागांत पिके बुडाली. जानेवारी १९५१ मध्ये रेशन दिवसाला १२ औंसांवरून ९ औंसांवर आणावे लागले. अमेरिकेकडे २० लाख टन गहू मागितला, तर कोरियाविषयीच्या भारताच्या धोरणावर तेथे नाराजी. चर्चेत महिने गेले. अखेर जून १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्या वर्षी एकूण ४७ लाख टनांच्या आसपास धान्य आयात झाले.

चिंतामणरावांनी तागाच्या मालावरील निर्यातशुल्क वाढवले आणि युद्धामुळे व्यापाऱ्यांच्या पदरात पडणारा नफा सरकारी तिजोरीत वळवला. नियोजन मंडळाचे सदस्य म्हणून पहिल्या पंचवार्षिक योजनेत शेती आणि पाटबंधारे यांना अग्रक्रम देण्यात त्यांचा वाटा होता. ग्रामीण पतपुरवठ्याच्या पाहणीत असे दिसले, की शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते आणि सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के. त्या शिफारशींवरून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. बँक खेड्यात नेण्याची ती सुरुवात होती.

मात्र त्यांचे सगळेच निर्णय गरिबाला सुखाचे नव्हते. १९५२ च्या अंदाजपत्रकात त्यांनी धान्यावरील सरकारी मदत जवळजवळ बंद केली. रेशनचे दर चढले आणि संसदेत टीकेची झोड उठली. तिजोरी सावरणे हे अर्थमंत्र्याचे कर्तव्य, हे खरे. पण त्याचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न उरतोच. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पाठ्यपुस्तकातील ‘भाववाढ’ हा शब्द मला आमच्या तांदळाच्या डब्याच्या भाषेत आधी कळला. म्हणून या निर्णयाचे समर्थन करायला माझी लेखणी धजत नाही.

१९५२ साली ते कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून आले होते. मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली, गोळीबारात माणसे मेली, तेव्हा जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढच्याच महिन्यात भारताने अमेरिकेशी पी. एल. ४८० चा पहिला करार केला. म्हणजे परक्या धान्यावरचे अवलंबन त्यांच्या कारकिर्दीत संपले नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्यानंतर त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळ आणि दिल्ली विद्यापीठ सांभाळले. आपल्यासारख्या आडगावच्या मुलांपर्यंत महाविद्यालये पोचली, त्यात त्या मंडळाचाही हात आहे. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

हा केवळ जुना इतिहास आहे, असे कोणी समजू नये. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि मे महिन्यात भारताने गव्हाची निर्यात थांबवली. नैसर्गिक वायू महागला. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात त्याच वायूपासून युरिया बनतो. शेतकऱ्याला गोणी जुन्याच भावात मिळाली, कारण वाढीव बोजा सरकारने उचलला. २०२२-२३ मध्ये खतांवरील अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. १९४३ साली असा बोजा उचलणारे कोणी नव्हते, आणि १९५२ साली तो उचलायचा की नाही यावर वाद झाला. युद्ध कोठेही होवो, त्याचे बिल गरिबाच्या ताटावर फाडायचे की देशाने वाटून घ्यायचे, हे ठरवणे आपल्याच हाती असते. चिंतामणरावांच्या चरित्रातून मी घेतलेला धडा हाच, आणि आपल्या अर्थशास्त्राच्या तासालाही त्याची चर्चा व्हावी, असे मला मनापासून वाटते.