दोन फुटांच्या रुळांचे माधवराव महाराज

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्याजवळची गोरखी म्हणजे शिंद्यांचा जुना वाडा. दरबार पुढे जयविलासला गेला, घराण्याचं देवघर मात्र गोरखीतच राहिलं. जोतिबाला मानणाऱ्या, मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या या घराण्यात २० ऑक्टोबर १८७६ रोजी माधवराव जन्मले. दहा वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील जयाजीराव गेले आणि गादी अंगावर आली. पूर्ण अधिकार १८९४ मध्ये मिळाले.

महाराजांना यंत्रांचा भारी नाद. रेल्वेचं इंजिन स्वतः चालवायचे. जेवणाच्या टेबलावर फिरणारी त्यांची चांदीची छोटी गाडी आजही जयविलासमध्ये बघायला मिळते. लोक तिचंच कौतुक करतात, पण खरं काम रानात झालं. भिंड, शिवपुरी आणि १९०९ पर्यंत श्योपूर अशी ग्वाल्हेर संस्थानाची रेल्वे त्यांनी नेली. एकट्या श्योपूरचा मार्ग जवळपास २०० किलोमीटरचा.

रुळांमधलं अंतर ठेवलं दोन फूट. खर्च कमी, वळणं आखूड घेता येतात, पूल हलके चालतात. दुष्काळी, गरीब मुलखात रेल्वे पोचवायची तर हिशेब चुकीचा नव्हता.

पण माप एकदा ठरलं की सुटका नाही. निपाणी-बेळगावच्या गॅरेजात ट्रकचा पिस्टन मागितला तर मिस्त्री आधी इंजिनाचा नंबर विचारतो, मग लायनरचं माप. दिसायला सारखा असला तरी मापात नसलेला पिस्टन लायनर खातो. तिथेही तेच झालं. साडेपाच फुटी मोठ्या मार्गाची चाकं, आस, डबे इथे बसेनात. मालाचं पोतं न् पोतं ग्वाल्हेर स्टेशनात उतरवून दुसऱ्या गाडीत भरावं लागे. वाफेनंतर डिझेल आलं, तेव्हाही मोठ्या मार्गाचं जड इंजिन या हलक्या रुळांवर आणता येईना. छोट्या मापाची इंजिनं वेगळी बनवावी लागली, म्हणजे त्यांचे सुटे भागही वेगळे.

महाराज ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये वारले. त्यांची छत्री शिवपुरीत आहे. श्योपूरची छोटी गाडी २०२० मध्ये बंद पडली. आता त्या बाजूला मोठे रूळ टाकले जात आहेत.