सत्याचे उपासक आचार्य धर्मानंद कोसंबी

वर्धा शहराला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेहून सेवाग्रामचा आश्रम फार दूर नाही. या परिसरात शिकलेला विद्यार्थी कधी ना कधी तेथे जातो, बापूंची कुटी पाहतो, झाडांखाली घटकाभर बसतो आणि परत येतो. परंतु ज्या विद्वानाने मराठी वाचकाला पाली वाङ्मयाच्या आधारे तथागतांचे चरित्र प्रथम विस्ताराने समजावून सांगितले, त्या आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी याच सेवाग्रामात ४ जून १९४७ रोजी देह ठेवला, हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे स्मरण करावे असे आम्हांस वाटले. त्यांची विद्वत्ता थोर होतीच. त्याहूनही ज्या गुणावर ती उभी होती, तो गुण आम्हांस येथे सांगावयाचा आहे. तो गुण म्हणजे प्रामाणिकपणा.

आपल्या शाळेत रोजच्या वंदनेत पंचशील ग्रहण केले जाते. त्यातील चौथे शील असत्य भाषणापासून अलिप्त राहण्याचे आहे. लहान वयात त्याचा अर्थ खोटे न बोलणे एवढाच कळतो. पुढे संसारात पडल्यावर ध्यानात येते की, दुसऱ्याशी खोटे न बोलणे हे त्या मानाने सोपे असते. कठीण असते ते आपल्या स्वतःच्या दोषांविषयी, आपल्या लाभाविषयी आणि आपल्या श्रद्धास्थानांविषयी खरे बोलणे. कोसंबींचे आयुष्य हे या कठीण सत्यवचनाचा वस्तुपाठ आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. पोर्तुगीज राजवटीतील त्या खेड्यात शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती. शाळेचे शिक्षण तुटपुंजेच राहिले, लहान वयात लग्न झाले आणि घरची नारळीची बागायत सांभाळण्यात दिवस जाऊ लागले. अशा स्थितीत ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रावरील एक लेख त्यांच्या वाचनात आला. त्या लेखाने त्यांच्या मनाची पकड घेतली. बुद्धाचा धर्म मुळापासून जाणून घ्यावयाचा, या एकाच ध्यासाने त्यांनी १८९९ च्या अखेरीस घर सोडले. मागे पत्नी आणि तान्ही मुलगी होती.

चरित्रनायकाची थोरवी सांगताना अशा गोष्टी झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. कोसंबींनी स्वतः ती पाळली नाही. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी आपले गृहत्याग, आपली निराशा, आपले मनोदौर्बल्य आणि आपल्या चुका साध्या भाषेत लिहून ठेवल्या आहेत. घरातील माणसांना आपल्या ध्येयाची किंमत मोजावी लागली, ही वस्तुस्थिती त्यांनी वाचकापासून लपविली नाही. मोठेपणाचा कोणताही पोशाख न चढवता स्वतःला लोकांपुढे उभे करणे, हे त्या काळी धाडसच होते.

घर सोडल्यावर ते पुण्यास आले. तेथे डॉ. रा. गो. भांडारकरांचा आधार मिळाला. पुढे संस्कृतच्या अभ्यासासाठी त्यांनी काशी गाठली आणि अन्नछत्रात जेवून विद्याभ्यास केला. येथे एक गोष्ट आम्हीही प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. ती अन्नछत्रे ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. त्याच काळात आमचे आजे-पणजे त्या पंगतीत तर सोडाच, त्या पाठशाळेच्या दारातही उभे राहू शकले नसते. कोसंबींच्या कष्टांचा गौरव करताना हा फरक विसरणे म्हणजे अर्धेच सत्य सांगणे होईल. ज्या विद्येचे दार त्यांना जन्माने उघडे होते, त्या विद्येचा उपयोग त्यांनी पुढे कोणासाठी केला, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

काशीहून ते नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ शुद्ध धर्म सापडेल अशी त्यांची आशा होती. ती विफल झाली. मग बोधगया, कलकत्ता असा प्रवास करीत ते १९०२ साली सिलोनला पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या छायेत त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास आरंभिला. नंतर ब्रह्मदेशात राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला व उपसंपदा घेतली. भिक्खू होऊन ते भारतात परतले आणि तथागतांच्या चरणस्पर्शाने पुनीत झालेल्या स्थळांचे दर्शन घेत हिंडले.

१९०६ साली कलकत्त्यात पाली शिकविण्याची संधी त्यांच्यापुढे आली. तेव्हा त्यांनी चीवर उतरविले. वेतन घेणारा अध्यापक आणि द्रव्य न स्वीकारण्याच्या विनयाने बांधलेला भिक्खू या दोन्ही भूमिका एकाच देहात नांदू शकत नाहीत. चीवराला समाजात मान असतो. ते अंगावर ठेवून आतून सवलती घेत राहणे कोणालाही सहज जमले असते. कोसंबींनी तो मान सोडला आणि साधा उपासक म्हणून कार्य चालू ठेवले. जे आपण नाही ते दिसू नये, ही त्यांची प्रामाणिकपणाची व्याख्या होती असे म्हणता येईल.

पैशाच्या बाबतीतही हीच कसोटी त्यांनी लावली. कलकत्ता विद्यापीठात चांगल्या वेतनाची नोकरी असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महाराष्ट्रात राहून काम करण्यासाठी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. घर सोडताना आपल्या लोकांपर्यंत बुद्धाचा उपदेश नेण्याचा जो संकल्प मनाशी धरला होता, त्याच्याशी इमान राखून त्यांनी ते थोडके साहाय्य पत्करले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे नामवंत पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी आलेला त्यांचा संबंध याच सत्यनिष्ठेची दुसरी बाजू दाखवितो. आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. ते काम पुरे करण्यासाठी कोसंबी १९१० साली प्रथम हार्वर्डला गेले. त्या कामाचे श्रेय मुखपृष्ठावर कोणाच्या नावे आणि कोणत्या शब्दांत असावे, यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. धनाढ्य विद्यापीठ, परका देश, पदरी कोणतीही पदवी नाही. अशा स्थितीत मुकाट्याने मान तुकविणे व्यवहाराला धरून झाले असते. पण केलेल्या श्रमाची नोंद खोटी होणे त्यांना मान्य नव्हते. ते परत आले. एकंदर चार वेळा ते त्या विद्यापीठात गेले आणि मतभेद होऊनही हाती घेतलेले काम त्यांनी तडीस नेले. १९४० साली त्यांची ‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती भारतात निघाली. हार्वर्डची आवृत्ती १९५० साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. तीवर वॉरन यांच्यासह कोसंबींचे नाव आहे. दुसऱ्याचे श्रेय घेऊ नये हा प्रामाणिकपणा आपण मुलांना शिकवितो. आपल्या श्रमाची खरी नोंद नम्रपणे पण ठामपणे मागणे हाही प्रामाणिकपणाच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचे श्रम दुसऱ्यांच्या नावे जमा झाले, त्या आमच्या समाजाला हे निराळे सांगावे लागू नये.

कोसंबींच्या सत्यनिष्ठेची खरी परीक्षा मात्र त्यांच्या श्रद्धेच्या क्षेत्रातच झाली. बुद्ध हे त्यांचे सर्वस्व होते. तरीही ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिताना त्यांनी भक्तांना प्रिय असलेल्या कथा जशाच्या तशा स्वीकारल्या नाहीत. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री गुपचूप घर सोडले, ही कथा प्राचीन सुत्तांशी जुळत नाही असे त्यांना दिसले. आईवडील रडत असताना त्यांच्यासमक्ष गृहत्याग केल्याचा उल्लेख त्रिपिटकात आहे, हे त्यांनी पुढे मांडले. एकमेकांविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या माणसांना पाहून बोधिसत्त्वाला जो उद्वेग आला, त्याकडे त्यांनी लक्ष वेधले. पुढे १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेल्या कलहाशी गृहत्यागाचा संबंध जोडला, हे आपण सर्व जाणतो.

तथागतांच्या अखेरच्या भोजनाविषयीही कोसंबींनी जुन्या अट्ठकथेचा आधार घेऊन तो पदार्थ डुकराच्या मांसाचा होता असे लिहिले. त्यांच्या भोवतालचे अनेक स्नेही कडक शाकाहारी होते. तरी त्यांना रुचावे म्हणून त्यांनी पुरावा वाकविला नाही. त्याच प्रकरणात प्राचीन जैन श्रमणांच्या आहाराविषयी त्यांनी जे प्रतिपादिले, त्यामुळे जैन समाजातील अनेकांची मने दुखावली व मोठा वाद झाला. त्या मताविषयी कोणाचे काहीही म्हणणे असो, कोसंबींच्या मनात द्वेष नव्हता. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माविषयी त्यांनी आदराने स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सत्य सांगावे, परंतु ते वैराचे हत्यार करू नये, हा धडा येथे घेता येतो.

विद्वत्तेच्या या वाटचालीत ते जनतेपासून दूर गेले नाहीत. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन त्यांनी कारावास सोसला. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारून तेथे वास्तव्य केले. काशीच्या अन्नछत्रात मिळालेल्या विद्येचे ऋण त्यांनी अशा प्रकारे फेडण्याचा प्रयत्न केला, असे आम्ही मानतो.

उतारवयात व्याधींनी शरीर थकले. आता आपल्याकडून सेवा होणार नाही, उलट दुसऱ्यांवर भार पडेल, असे वाटून त्यांनी अन्नत्यागाचा निश्चय केला. एकदा गांधीजींच्या आग्रहाने तो सोडलाही. परंतु अखेरीस सेवाग्रामातच अन्न वर्ज्य करून त्यांनी देह ठेवला. त्यांचा हा निर्णय आम्ही अनुकरणीय म्हणून सांगत नाही. थकलेल्या, आजारी माणसाची सेवा हा भार नसून धम्माचे कर्तव्य आहे, असेच आम्ही आमच्या मुलांना शिकवू. पण त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट गाळणे त्यांनाच रुचले नसते. अंत्यविधी शक्य तितक्या कमी खर्चात व्हावा अशी त्यांची इच्छा होती. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे आदरपूर्वक स्मरण केले.

तथागतांनी बालवयाच्या राहुलाला असत्याविषयी उपदेश केला, तेव्हा भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणत्व तेवढेच उरते असे समजावले. सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या सात उपदेशांचे अध्ययन करावयास सांगितले, त्यांत हा उपदेश आहे. ते सात उपदेश त्रिपिटकात नेमके कोठे आहेत, हे शोधण्याचे काम ज्या विद्वानांनी केले त्यांत कोसंबी होते. लेकराला दिलेला तो धडा त्यांनी ग्रंथात शोधला आणि आयुष्यात उतरविला.

आमच्या वसतिगृहात मुले येतात तेव्हा पालकांची एकच आस असते, मूल शिकून मोठे व्हावे. त्या आशेपोटीच कधी कॉपीकडे काणाडोळा होतो, कधी खोटा दाखला जोडला जातो, कधी कमी गुणांची पत्रिका घरात दडवली जाते. अशा वेळी पालकांनी मुलाला भीती घालू नये. खरे सांगितल्यावर घरात जागा मिळते, हा विश्वास द्यावा. खरे बोलणाऱ्या मुलाला शिक्षा आणि लपविणाऱ्याला शाबासकी मिळत राहिली, तर वंदनेतील चौथे शील केवळ पाठांतर होऊन राहते. येथून शिकून नोकरीधंद्याला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही आमचे सांगणे आहे की, आपल्या संघटना, आपले पुढारी, आपल्या संस्था, आणि त्यांत ही शाळाही आली, यांचे दोष दिसले तर ते आपुलकीने पण स्पष्ट सांगा. परक्याचे दोष सांगायला धैर्य लागत नाही.

पुढील वेळी सेवाग्रामला गेलात तर त्या झाडांखाली घटकाभर थांबा आणि सोबतच्या मुलांना सांगा की, गोव्याच्या एका खेड्यातून सत्याच्या शोधात निघालेला एक माणूस अखेर येथे विसावला होता.