स्टेंट नावाचे दंतवैद्य

पेडणे-डिचोलीकडील घरांत आज ‘स्टेंट’ हा शब्द कानी पडतो, तो बहुधा कोणा वडीलधाऱ्यांच्या हृदयविकाराची गोष्ट निघाली म्हणजे. परंतु हे मुळात एका माणसाचे आडनाव. आणि तो माणूस हृदयाचा नव्हे, तर दातांचा वैद्य होता. त्याचीच हकिकत आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

चार्ल्स टॉमस स्टेंट यांचा जन्म १८०७ साली इंग्लंडातील ब्रायटन येथे झाला. पुढे लंडन शहरी त्यांनी दंतवैद्यकाचा व्यवसाय केला. कवळी बसवावयाची तर आधी हिरड्यांचा हुबेहूब ठसा हवा, आणि खरी अडचण तेथेच होती. मेणाचा ठसा तोंडातून काढताना वाकडा होई. प्लॅस्टर आतच दगडासारखे घट्ट होई व पुष्कळदा फोडून काढावे लागे. मलायातील झाडांच्या चिकापासून होणारा गटापर्चा गरम पाण्यात मऊ पडे खरा, पण निवताना आकसे. ठशात केसभर चूक राहिली की कवळी हिरडीला खुपे. मग पैसे मोजून केलेली कवळी उशाशी ठेवून माणसाने मऊ अन्नावर दिवस काढावयाचे!

चतुर्थीपूर्वी आमच्याकडील चित्रशाळांत साच्यातून गणपती काढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. माती फार ओली असली तर सोंड वाकते, फार सुकली तर तडा जातो.

स्टेंट यांनी १८५६ च्या सुमारास गटापर्चात चरबीपासून निघणारे स्टिअरिन मिसळले, भर म्हणून शंखजिऱ्याची पूड घातली आणि तांबडा रंग दिला. युक्ती दिसावयास साधी, पण हे मिश्रण अधिक मऊ पडे आणि निवल्यावर आपला आकार चांगला राखी. त्यांचे दोन्ही पुत्रही दंतवैद्य झाले व त्यांनी हा धंदा पुढे चालविला. स्टेंट १८८५ साली निवर्तले.

पुढे, १९०७ साली अमेरिकेतील टॅगार्ट यांनी मेणाच्या नमुन्यावरून दातासाठी सोने ओतण्याची रीत प्रसिद्ध केली. तेव्हापासून ठशाचे काम अधिकच नाजूक झाले. कोरलेल्या दातावर तांब्याची नळी बसवून तीत असेच मऊ मिश्रण दाबीत. त्या ठशावरून दाताची प्रतिकृती करीत आणि तिच्यावर मेणाची टोपी घडवून मग ती सोन्यात उतरवीत. तथापि, हे मिश्रण निवले की ताठ होते. दाताच्या फुगीर पोटावरून ते धड सुटत नाही. म्हणून १९२५ साली व्हिएन्नाच्या पोलर यांनी लवचीक आगर पुढे आणले. आगर मुख्यतः जपानकडून येई. दुसऱ्या महायुद्धात ते मिळेनासे झाल्यावर अल्जिनेटचा प्रसार झाला. दोन्ही समुद्रशेवाळापासूनच होतात, हे केरी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर खेळणाऱ्या आमच्या मित्रांना सांगावेसे वाटते. आता रबरासारखे सिलिकोन वापरतात.

मग हे नाव हृदयापर्यंत पोहोचले कसे? पहिल्या महायुद्धात एसर नावाच्या डच शल्यवैद्यांनी जखमी सैनिकांचे चेहरे सांधताना, नवी कातडी जागेवर धरून ठेवण्यासाठी स्टेंट यांचेच मिश्रण वापरले. त्यावरून शरीरातील भागाला आतून आधार देणाऱ्या वस्तूस ‘स्टेंट’ म्हणू लागले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९८६ साली फ्रान्समधील तुलूज येथे माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत धातूची जाळीदार नळी बसविली गेली, तेव्हा तिलाही हेच नाव मिळाले. त्या नळीत तांबड्या मिश्रणाचा कणही नव्हता.